घरी बाटलीबंद करायचंय : खोल पातेलं की प्रेशर कॅनर?

स्ट्रॉबेरी जॅमपासून सुरुवात करणाऱ्या मैत्रिणीला प्रश्न पडलाय, बरणीत पदार्थ टिकवायला आधी काय घ्यावं : खोल पातेलं, की प्रेशर कॅनर, म्हणजे बरण्या दाबाखालच्या वाफेत तापवायचं घट्ट झाकणाचं मोठं भांडं?

खर्चात पातेलं सरस. बरण्यांवर इंचभर पाणी राहील एवढं खोल आणि तळाला जाळी, बस्स. कॅनर महाग, जड, शिवाय रबर आणि दाबमापक सांभाळावे लागतात.

खरा फरक तापमानाचा. उकळतं पाणी १०० अंशांवर थांबतं. उंचावरच्या महाबळेश्वरला तर त्याआधीच, म्हणून तिथे बरण्या जास्त वेळ उकळाव्या लागतात. आंबट पदार्थांना (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ४.६ किंवा कमी; आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) एवढी उष्णता पुरते. मटार, मका, भाज्या, मटण यांत मात्र बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू (जंतूंचं चिवट, सुप्त रूप) उकळत्या पाण्यातही टिकतात. ते मारायला ११६ ते १२१ अंश लागतात, आणि ते कॅनरच्या दाबाखालीच मिळतात. ही जोखीम जिवावरची आहे, आणि बरणीचा वास-रंग पाहून ती कळत नाही. रोजच्या वरणभाताच्या कुकरवरही इथे भिस्त ठेवू नका.

आमरस? पिकलेला आंबा पुरेसा आंबट असेलच असं नाही. तो फ्रीजरमध्येच ठेवा.

जॅम, मार्मालेड, व्हिनेगरमधली लोणची एवढंच करायचं असेल तर पातेलं घ्या. दरवर्षी मटार, मका भरायचे असतील तरच कॅनर.