नाशिकहून एका दिवसात बेट: अलिबागचा कुलाबा की विरारजवळचा अर्नाळा?

सोसायटी, ऑफिस किंवा नातेवाइकांचा पंधरा-तीस जणांचा गट, भाड्याची बस, सोबत गाइड नाही, पहाटे निघून रात्री घरी. या हिशेबात 'समुद्रातलं बेट बघायचं' म्हटलं की नाशिककरांसमोर फिरून फिरून चार नावं येतात: मुरूडचा जंजिरा, घारापुरी, अलिबागचा कुलाबा आणि अर्नाळा. दीव फार लांब आहे आणि दमण बेट नाही, त्यामुळे ती दोन्ही इथे धरलेली नाहीत.

जंजिरा आधी बाजूला ठेवतो. किल्ल्याबद्दल तक्रार काहीच नाही. पण अलिबाग गाठल्यावरही मुरूडला जायला रेवदंडा, काशीदवरून आणखी पन्नास किलोमीटर वळणावळणाचा रस्ता उरतो, मग राजपुरीच्या धक्क्यावर होडीची रांग. एका दिवसात बसवलं तर माणसं किल्ल्यात तासभर असतात आणि बसमध्ये चौदा तास. जंजिरा मुक्कामाचाच. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात हे लक्षात ठेवलं तर बाकी सोपी आहे, पण तिथे बसचा उपयोग संपतो. गेटवेजवळ मोठी बस उभी करायला जागा मिळत नाही, चालक गाडी दूर नेतो आणि संध्याकाळी तिला परत बोलावण्यात तास जातो. घारापुरीला रेल्वेने जावं.

खरी निवड उरते ती कुलाबा आणि अर्नाळा यांच्यात.

कागदावर कुलाब्याचं पारडं जड आहे, हे आधीच मान्य करतो. अलिबागला बस थेट समुद्राजवळ जाते. जेवायला खानावळी भरपूर, स्वच्छतागृह मिळतं, ज्यांना पाण्यात जायचं नाही त्यांना रुंद किनारा आणि गावात कान्होजी आंग्रे यांची समाधी. किल्लाही तोलामोलाचा. शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतला, संभाजी महाराजांच्या काळात पुरा झाला. तटाचे मोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं, तिथेच तिचा जोर मोडतो, म्हणून तट अजून उभा आहे. आत राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे, शेजारी सर्जेकोट हा छोटा जोडकोट. आणि सगळ्यात मोठं आकर्षण म्हणजे ओहोटीला चालत बेटावर जाता येतं.

माझ्यासाठी निर्णय फिरला तो नेमका इथे. चालत जाता येतं हे सगळे सांगतात. नाशिकहून येणाऱ्याला ते केव्हा जमतं, हे कोणी सांगत नाही.

कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीला पाऊण पटीने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तर भरती तीन वाजता. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे नऊला. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, हिशेब तोच, आणि दिवसातून दोनदा तोच. घड्याळाशी अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून निघण्याआधी त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक पाहावंच. मुंबईचं कोष्टक अलिबागला पुरेसं जवळ बसतं. पण तारीख ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

आता हा हिशेब नाशिकच्या बसला लावून बघा. पहाटे पाचला मुंबई नाक्यावरून निघालेली बस नाश्त्याचा थांबा धरून अकरा-साडेअकराला अलिबागला पोचते. पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे आपण उतरतो तेव्हा समुद्र किनाऱ्याला टेकलेला. उधाणाच्या या दिवसांत पाणी सगळ्यात लांब हटतं, वाळू सगळ्यात मोकळी होते हे खरं, पण ते सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. नाशिकचा माणूस तेव्हा एकतर घाटात असतो, नाहीतर परतीच्या घाईत.

मग भर दुपारी ओहोटी कधी? अष्टमी-नवमीला. आणि नेमकी तीच भांगाची वेळ. भांगाला भरतीही कमी आणि ओहोटीही अर्धवट. पाणी हटतं, पण पूर्ण हटत नाही, वाटेत पोटरीभर, काही ठिकाणी गुडघ्यापर्यंत राहतं. तरुणांना त्यात मजा वाटते. साडी नेसलेल्या मावशी आणि चार वर्षांचं पोर घेऊन त्या वाटेने जाणं वेगळं. मग घोडागाडी करावी लागते. तीस जणांना ती पुरत नाही, गट तुटतो आणि पहिले परत येईपर्यंत शेवटचे गेलेले नसतात.

राहिल्या एकादशी, द्वादशी, त्रयोदशी. द्वादशीला भरती सकाळी नऊला, ओहोटी तीनला. ओहोटीच्या दीड तास आधी आणि दीड तास नंतर एवढाच वेळ चालण्यासाठी धरावा, म्हणजे दीड ते साडेचार. जायला-यायला तास, किल्ल्याला तास, वर थोडी उसंत. हे छान बसतं. अकराला पोचा, जेवा आणि दीडला निघा. पण पंधरा दिवसांत असे दिवस तीनच, आणि त्यातला एखादा शनिवार-रविवारी यायला हवा. गटाची तारीख शाळेच्या सुट्ट्या, रजा आणि लग्नाचे मुहूर्त ठरवतात, समुद्राला कोणी विचारत नाही. तारीख आधी ठरते, तिथी नंतर बघितली जाते आणि मग सगळे किनाऱ्यावर उभं राहून किल्ला लांबून पाहतात. भरतीला होड्याही असतात, पण मग चालत बेटावर जायचं म्हणून जे अलिबाग निवडलं, तेच हातातून जातं.

परतीची सूचना कळकळीने देतो. भरती एकसारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम कळते, तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जोरात येते. वाळूतले खोलगट भाग आधी भरतात, त्यामुळे किल्ल्याच्या दारातून पायाखाली कोरडं दिसतं आणि मधली वाट बुडालेली असते. दिलेल्या वेळी गट बाहेर काढायला एक खमका माणूस नेमा, आणि वेळ घड्याळाची सांगा. 'पाणी दिसायला लागलं की निघू' असं ठरवू नका.

अर्नाळ्याला हा पेच नाही, कारण तिथे चालत जाताच येत नाही. होडीनेच जायचं, दहा-पंधरा मिनिटांचं पाणी. बेटावर कोळ्यांची वस्ती आहे, होडी त्यांच्या रोजच्या येण्याजाण्याची. पर्यटकांसाठी थाटलेली नाही, म्हणून तिकीटही थोडक्यात असतं. भरती-ओहोटी इथेही त्रास देते. पाणी उतरलेलं असेल तर होडी लांब उभी राहते आणि गुडघाभर पाण्यातून, थोड्या चिखलातून जाऊन चढावं लागतं. पण कपडे भिजतात, दिवस वाया जात नाही. फरक एवढाच आहे, आणि माझ्या मते तो पुरेसा आहे.

किल्ला कुलाब्याहून कमी नावाजलेला, पाहायला कमी नाही. गुजरातच्या सुलतानाने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे कोट बांधला, मग तो पोर्तुगिजांकडे गेला आणि १७३७ साली मराठ्यांनी घेतला. आजचा बराचसा तट बाजीरावांच्या काळातला. मुख्य दरवाज्यावर हत्ती आणि वाघ कोरलेत, वर देवनागरी शिलालेख आहे. तो वाचायला सकाळचं तिरपं ऊन बरं, दुपारी अक्षरं सपाट दिसतात. आत अष्टकोनी तळं आणि तटाला लागून जिन्यांनी वर चढून चौफेर फिरता येईल अशी वाट. कोटाबाहेर दक्षिणेला एक गोल बुरूज एकटाच उभा आहे. बहुतेक गट तिथे जात नाहीत, वेळ असेल तर जरूर जावं.

आणि आत त्र्यंबकेश्वराचं देऊळ आहे. नाशिकच्या माणसाला याचं अप्रूप वाटायला आणखी एक कारण आहे. अर्नाळा वैतरणेच्या मुखाशी आहे, आणि वैतरणा उगम पावते आपल्याच त्र्यंबकच्या डोंगरात. एका बाजूने गोदावरी पूर्वेला, दुसऱ्या बाजूने वैतरणा पश्चिमेला. जाताना बस त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगडवरून मनोरला न्यायची, म्हणजे सकाळी नदीचा उगम मागे टाकून दुपारच्या आत तिचं मुख पाहता येतं. मुलांना भूगोल शिकवायचा असेल तर याहून सोपा धडा नाही.

हा रस्ता पपया नर्सरीपासून अर्नाळ्यापर्यंत एकशे ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या आसपास, पण मोखाडा-जव्हारच्या वळणांवर बस सावकाश जाते. पाच तास धरा. साडेपाचला निघालात तर साडेदहा. ज्यांना बस लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा, आणि नाश्ता जव्हार सोडल्यावर द्या, आधी नको. मनोरला मस्तान नाक्यावर महामार्ग लागला की दक्षिणेला शिरसाड फाटा, विरार, मग रेल्वेवरचा उड्डाणपूल ओलांडून आगाशीवरून अर्नाळा. या प्रवासातली खरी कोंडी त्या पुलाच्या अलीकडे-पलीकडेच. अकराच्या आत ओलांडला तर बरं.

परतीला तोच रस्ता घेऊ नये. अंधारात जव्हारचा घाट दमलेल्या चालकाला देणं बरोबर नाही. शिरसाडवरून वज्रेश्वरी, अंबाडी, पडघा, आणि आमण्याला समृद्धी महामार्गावर चढून इगतपुरी. जून २०२५ मध्ये हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाटाची रांग टळते. वज्रेश्वरीला वीस मिनिटं थांबता येतं. पोर्तुगिजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेवेळी चिमाजी अप्पांनी नवस बोलला आणि नंतर हे देऊळ बांधलं, त्यामुळे दुपारी पाहिलेल्या किल्ल्याशी ते जुळतं.

अलिबागचा रस्ता समृद्धी, कल्याण-शीळ, पनवेल, पेण, वडखळ. एका बाजूने सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर. जाताना त्रास नाही. रविवारी संध्याकाळी अलिबाग ते पनवेल मात्र सगळी मुंबई आपल्यासोबत परतत असते, तिथे दीड-दोन तास जास्तीचे धरावेच लागतात.

बसच्या पैशात हा फरक दिसतो. खासगी बसवाले दिवसाला किमान ३०० किलोमीटरचे पैसे धरतात, वर प्रत्येक किलोमीटरचा दर, चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग वेगळं. मोजणी गॅरेज ते गॅरेज होते. तुमच्या दारापासून नाही, हे आधी विचारून घ्या. अर्नाळा जाऊन-येऊन पावणेचारशेच्या घरात, अलिबाग पावणेपाचशे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अलिबागहून परतताना रात्रीचे बारा वाजून गेले की बरेच बसवाले दुसऱ्या दिवसाचेही पैसे लावतात. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि विश्रांतीसह बारा तासांची मर्यादा होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, पण माप म्हणून ती मर्यादा धरावी. अर्नाळ्यातही ती ताणली जाते, अलिबागात दुसरा चालक घेण्यावाचून गत्यंतर नाही. पस्तीस-चाळीस जण असतील तर एसटीचा प्रासंगिक करार, म्हणजे गटासाठी अख्खी बस भाड्याने, विचारून पाहावा. आगारात लेखी अर्ज आणि अनामत द्यावी लागते, पण दर ठरलेला असतो आणि घासाघीस उरत नाही.

अर्नाळ्याच्या उणिवा लपवत नाही. बेटावर जेवणाची सोय नाही असंच धरून चाला: पुऱ्या, भाजी, दशम्या, माणशी दोन लिटर पाणी सोबत. स्वच्छतागृहाची व्यवस्था होडीत बसण्याआधी किनाऱ्यावरच उरकायची. गुडघे दुखणाऱ्यांना होडीत चढणं अवघड जातं, दोघांनी धरून चढवायला लागतं. गावातले रस्ते अरुंद असल्याने पन्नास सीटची बस टाळून तेहतीस-पस्तिसची घ्यावी. दुपारच्या वेळी फेऱ्या विरळ होऊ शकतात, म्हणून चढतानाच नावाड्याला परतीची शेवटची होडी विचारून ठेवा आणि तिच्या आधीची पकडा. वस्तीत लोकांच्या अंगणात मासळी वाळत असते. वाट देऊन चाला, फोटो विचारून काढा. जून ते सप्टेंबर दोन्हीकडे जाऊ नका.

तेव्हा ज्यांच्या गटात सत्तरीपुढची माणसं जास्त, किंवा ज्यांची तारीख खरोखर एकादशी ते त्रयोदशीच्या रविवारी पडते, त्यांनी अलिबाग करावं, ते सुखाचं होईल. तारीख आधीच ठरलेली असेल आणि तिथी बघायला उशीर झाला असेल, तर माझं मत अर्नाळ्याकडे झुकतं. साडेतीनला शेवटचा माणूस होडीतून उतरला पाहिजे, चारला बस हलली पाहिजे. आगाशीतून जाताना दहा मिनिटं थांबून सुकेळी घ्या, तिथली वाळवलेली केळी नावाजलेली आहेत. उड्डाणपूल ओलांडल्यावर वज्रेश्वरीपर्यंत चालक बस थांबवत नाही.