पबमधलं सेशन, केली की महोत्सव? स्कॉटलंडचं लोकसंगीत ऐकायला कधी आणि कुठे जावं

स्कॉटलंडचं लोकसंगीत ऐकायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात ऑगस्टमधलं एडिंबरा येतं. शहर बघायला तो महिना ठीक आहे, या संगीतासाठी मात्र वर्षातला सगळ्यात गैरसोयीचा. गावभर नाटकं आणि विनोदी प्रयोग चाललेले असतात, खोल्यांचे भाडे दुप्पट-तिप्पट होते, आणि एरवी ज्या पबमध्ये वादकांपासून हातभर अंतरावर बसता येतं तिथे दारातच उभं राहावं लागतं. या संगीताचा खरा मोसम ऑक्टोबर ते मे. जुलैमध्ये बेटांवर त्याला पुन्हा भरती येते.

महिना ठरवण्याआधी प्रकार ठरवावा. नुसतं ऐकायचंय (सेशन), नाचायचंय (केली), की तीन-चार दिवस त्यातच राहायचंय (महोत्सव)? या तिन्हींचे खर्च, वेळा आणि शिष्टाचार अगदी वेगळे आहेत.

सेशन: फुकट असतं, पण ती मैफल नव्हे

पबच्या एका कोपऱ्यातल्या टेबलाभोवती पाच-दहा वादक बसतात आणि एकमेकांसाठी वाजवतात. मंच नाही, माइक नाही, तिकीट नाही. एडिंबरात फॉरेस्ट रोडवरचं सँडी बेल्स यासाठी प्रसिद्ध आहे. गाणी ऐकायची असतील तर इन्फर्मरी स्ट्रीटवरचं रॉयल ओक. ग्लासगोत फिनिस्टन भागातलं बेन नेव्हिस, शिवाय शनिवारी दुपारी बॅबिटी बाउस्टर. इनव्हरनेसमध्ये चर्च स्ट्रीटवरचं हूटनॅनी. वार आणि वेळा बदलत असतात, म्हणून त्याच आठवड्यात पबला फोन करून विचारावं. एखाद्या यादीतली दोन वर्षांपूर्वीची वेळ धरून गेलात, तर बऱ्याचदा कोपऱ्यात फुटबॉलचा सामना लागलेला दिसतो.

आत काय चाललंय हे कळलं तर मजा दुप्पट होते. एक धून साधारण बत्तीस मात्राखंडांची असते: आठाचा पहिला भाग दोनदा, आठाचा दुसरा भाग दोनदा. ती दोन किंवा तीन वेळा वाजते आणि मग न थांबता पुढच्या धुनेत शिरतात. अशा दोन-तीन धुनांचा एक सेट. सुरुवात एकच जण करतो. धून ओळखली की बाकीचे आत येतात, न ओळखणारे वाद्य मांडीवर ठेवून गप्प ऐकतात. बदलाच्या ठिकाणी सुरू करणारा भुवई उंचावतो किंवा "हप्!" म्हणतो. टाळ्या सेट संपल्यावर. मध्येच वाजवल्या तर नेमका तो बदल ऐकायचा राहतो, आणि सेटमधली सगळी गंमत त्या बदलातच असते.

तालाच्या बाबतीत आपल्याकडच्या श्रोत्याला एक फायदा आहे. जिग, रील आणि स्ट्रॅथस्पे हे धुनांचे मुख्य प्रकार. जिग सहा मात्रांची, तीन-तीन अशी, त्यामुळे मनातल्या मनात दादरा धरला तर सम चुकत नाही. रीलला केरवा चालतो, फक्त लय फार द्रुत. अडचण येते ती स्ट्रॅथस्पेमध्ये. चाल रीलपेक्षा संथ, पण स्वर आखूड-लांब, आखूड-लांब असे झटक्याने येतात. हा झटका हीच स्कॉटिश वादनाची ओळख. आयर्लंडच्या सेशनमध्ये स्ट्रॅथस्पे क्वचितच ऐकू येईल. सुरांच्या बाजूने पाहिलं तर पाच स्वरांच्या धुना भरपूर आहेत. एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री सगळे गातात त्या 'ऑल्ड लँग साइन'ची चाल सरळ भूपाच्या स्वरांतली आहे.

वाद्य घेऊन जायचं असेल तर जरा जपून. मोठा हायलँड बॅगपाइप सेशनमध्ये दिसत नाही, कारण तो इतर वाद्यांना गिळून टाकतो, शिवाय त्याचा सूर फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, सोयीच्या सुरांशी जुळत नाही. त्याऐवजी कोपराखालच्या भात्याने हवा भरायचा लहान, मऊ आवाजाचा स्मॉलपाइप असतो. आपली बासरी त्या पट्टीची नसेल तर निरुपयोगी. डी पट्टीची टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) दहा-पंधरा पौंडांत मिळते आणि बहुतेक धुनांना पुरते. हार्मोनिअम न्यायचीच असेल तर आधी ट्यूनरवर तपासा. आपल्याकडच्या कित्येक पेट्या ए ४४० या तिकडच्या प्रमाण सुराच्या किंचित वर लावलेल्या असतात. फिडलवाला सूर हलवू शकतो, पण टेबलावरचं अकॉर्डिअन हलवू शकत नाही, आणि मग तो फरक सगळ्यांच्याच कानाला टोचतो. तबल्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही, पण बोधरान नावाचा डफ आधीच वाजत असेल तर थांबावं. एका वेळी एकच तालवाद्य हा अलिखित नियम आहे, आणि नवखे सगळ्यात जास्त इथेच चुकतात. टेबलालगतची रिकामी खुर्ची बहुतेक वेळा नेहमीच्या वादकाची असते. विचारल्याशिवाय तिच्यावर बसू नये.

कोणी गायला लागलं की पूर्ण शांतता. तेव्हा बारवर ऑर्डर देणं हाही उद्धटपणा समजला जातो.

केली: ऐकण्यापेक्षा घाम गाळणं

केली म्हणजे पूर्वी घरोघरी जमणारी गाण्या-गोष्टींची बैठक. आज शहरात या नावाने जे चालतं ते मुख्यतः सामूहिक नाच, सोबत तीन-चार जणांचा बँड आणि पावलं सांगणारा कॉलर. तिकीट साधारण दहा ते वीस पौंड. ग्लासगोत अर्गाइल आर्केडमधल्या स्लोन्समध्ये शुक्रवारची केली वर्षानुवर्षं चालत आली आहे. आधी काहीच येत नसलं तरी अडत नाही, कारण प्रत्येक नाच कॉलर आधी चालून दाखवतो.

जोडीदार नसेल तर 'डॅशिंग व्हाइट सार्जंट'पासून सुरुवात करा. तो तिघा-तिघांच्या ओळींत होतो आणि प्रत्येक फेरीनंतर समोरचे तिघे बदलतात, त्यामुळे अर्ध्या तासात निम्म्या सभागृहाशी ओळख होते. 'गे गॉर्डन्स' जोडीने, सोपा. खरी परीक्षा 'स्ट्रिप द विलो'ची. वरची जोडी सोळा मोजेपर्यंत गिरकी घेते, मग रांगेतल्या प्रत्येकाला डाव्या हाताने आणि मध्ये आपल्या जोडीदाराला उजव्या हाताने फिरवत खाली जाते. गोंधळ होतो तो पकडीमुळे. लोक मनगट धरतात आणि वेगात हात सुटतो. कोपराला कोपर अडकवून वजन किंचित मागे टाकलं की पकड सुटत नाही. बायकांनी काचेच्या बांगड्या घरी ठेवाव्यात, ओढणी कमरेला बांधावी, साडी तर नकोच. पुरुषांनी कातडी तळव्याचे गुळगुळीत बूट टाळावेत. पाणी जवळ हवंच.

संगीत म्हणून पाहिलं तर केली सेशनपेक्षा उथळ वाटेल. बँड ठोका सांभाळतो, नक्षीकाम कमी. पण या धुना मुळात कशासाठी बांधल्या गेल्या हे पायांना कळतं ते इथेच. पंचवीस जानेवारीची बर्न्स नाइट (कवी रॉबर्ट बर्न्सच्या नावाची), तीस नोव्हेंबरचा सेंट अँड्र्यूज डे आणि हॉगमने, म्हणजे वर्षअखेरचा एकतीस डिसेंबर, या तीन दिवसांच्या आसपास केलींचा सुकाळ असतो. तिकिटं मात्र आधीच संपतात. एकतीस डिसेंबरच्या रात्री 'ऑल्ड लँग साइन'ला पहिल्या ओळीपासून हात आडवे धरायचे नसतात. शेवटच्या कडव्यात हात पुढे करायची ओळ येते, तेव्हाच आपले हात छातीवर आडवे घालून दोन्ही शेजाऱ्यांचे हात धरायचे.

महोत्सव: महिन्यानुसार निवड

जानेवारीच्या मध्यापासून अडीच-तीन आठवडे ग्लासगोत सेल्टिक कनेक्शन्स असतो. नाताळानंतर रॉयल कॉन्सर्ट हॉल ओस पडायचा, ती पोकळी भरायला १९९४ मध्ये हा सुरू झाला. आता शहरभरच्या सभागृहांत शेकडो कार्यक्रम होतात. तिकीट कार्यक्रमागणिक वेगळं, त्यामुळे खर्च आपल्या हातात राहतो. नवोदितांचा डॅनी काइल ओपन स्टेज तर फुकट आहे. रात्री उशिरा चालणाऱ्या फेस्टिव्हल क्लबमध्ये कोण वाजवणार हे आधी जाहीर होत नाही. दिवसभराच्या कार्यक्रमांतले कलाकार तिथे भलत्याच जोड्या जमवून वाजवतात. तोटा हवामानाचा. सूर्य सव्वाचारच्या सुमाराला मावळतो, पाऊस आडवा येतो, भटकंती जवळपास शून्य. पण फक्त संगीतासाठीच जायचं असेल तर वर्षातला सर्वात भरगच्च काळ हाच, आणि खोल्याही तुलनेने स्वस्त.

एप्रिलअखेर ते मेअखेर हा काळ महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुट्टीत बसतो, म्हणून मुलांसह जाणाऱ्यांना तोच सोयीचा. एप्रिल-मेच्या सांध्यावर शेटलंड बेटांवर शेटलंड फोक फेस्टिव्हल असतो. तो १९८१ पासून स्वयंसेवक चालवतात, आणि लरविक या मुख्य गावाखेरीज दूरदूरच्या गावांतल्या सभागृहांतही कार्यक्रम होतात. ॲबरडीनहून रात्रीची फेरीबोट बारा तासांहून जास्त घेते. समुद्र खवळलेला असतो, बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी निघण्याआधीच घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. मेअखेरीस ऑर्कनी बेटांवरच्या स्ट्रॉमनेसचा महोत्सव, स्क्रॅबस्टरहून फेरीबोटीने दीड तास. या दोघांत निवडायचं झालं तर पहिल्या खेपेला ऑर्कनी. गाव एवढंसं आहे की सगळं पायी होतं, रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि तिकिटं संपली तरी दिवसभर पबांत सेशन चालू असतात. शेटलंडची फिडल-परंपरा मात्र वेगळीच, नॉर्वेच्या वळणाची, मोकळ्या तारांचा घुमारा सोबत ठेवणारी. फिडलसाठीच जाणाऱ्याने तो लांबचा प्रवास करावा.

जुलैत लुइस बेटावरच्या स्टॉर्नोवेत हेबकेल्ट असतो. १९९६ पासूनचा हा महोत्सव लूज कॅसलच्या आवारातल्या मोठ्या तंबूत भरतो, आणि गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतलं गाणं त्याच्या मुलखात ऐकायला मिळतं. लोकरीचं कापड टेबलावर आपटून घट्ट करताना बायका गात ती श्रमगीतं मिळाली तर सोडू नका. एक जण ओळ टाकते, बाकीच्या अर्थहीन अक्षरांचं पालुपद धरतात, आणि काम संपेपर्यंत गाणं लांबतं, जात्यावरच्या ओव्यांसारखंच. मात्र नियोजन इथेच फसतं. उलापूलहून फेरीबोटीला पावणेतीन तास लागतात, महोत्सवाच्या आठवड्यात गाडीसाठीची जागा महिनोन्‌महिने आधी भरते, आणि वारा वाढला की फेरी रद्द होते. महोत्सव शनिवारी संपतो आणि लुइसवर रविवार कडक पाळला जातो: बस नाहीत, बहुतेक दुकानं बंद. शनिवारीच खायचं आणून ठेवा आणि परतीचं तिकीट सोमवारचं काढा. मिज नावाच्या चिलटांपासून वाचायला जाळीची टोपी घ्या. ती पश्चिमेकडे उन्हाळाभर छळतात, वारा सुटला की गायब होतात.

ऑगस्टमध्येच जावं लागलं तर एडिंबरा सोडून ग्लासगो गाठा. पायपिंग लाइव्ह हा आठवडाभराचा उत्सव आणि त्याला लागून ग्लासगो ग्रीनवरची जागतिक पाइप बँड स्पर्धा त्याच महिन्यात असते. बॅगपाइपचं याहून मोठं संमेलन नाही.

ऑक्टोबरमध्ये रॉयल नॅशनल मोड असतो. १८९२ मध्ये ओबनला सुरू झालेली ही गेलिक स्पर्धा दरवर्षी वेगळ्या गावी भरते. दिवसा स्पर्धा म्हणजे एकच गाणं दहा गळ्यांतून ऐकणं. कंटाळवाणं वाटेल खरं, पण गायकी समजून घ्यायला याहून चांगली शाळा नाही. नोव्हेंबरात एडिंबराला स्कॉट्स फिडल फेस्टिव्हल असतो, त्यात कार्यशाळा भरपूर. वाजवणाऱ्याने तोच निवडावा.

मुलं, जेवण आणि परतीची गाडी

अठराखालच्या मुलांना पबमध्ये प्रवेश आहे की नाही, किती वाजेपर्यंत आहे, हे त्या पबच्या परवान्यावर अवलंबून असतं. कित्येक ठिकाणी आठलाच बाहेर काढतात, आणि सेशन रंगतं ते साडेनऊनंतर. त्यामुळे कुटुंबासाठी दुपारची सेशन्स, महोत्सवातले दिवसाचे कार्यक्रम किंवा मुलांना घेणारी केली पाहावी. सेशनच्या लहान पबांत स्वयंपाकघर असेलच असं नाही, म्हणून जेवून जावं. शाकाहारी हॅगिस बऱ्याच उपाहारगृहांत मिळतं: ओट, डाळी, कंदमुळं, मिरपूड जरा जास्त. दारू न घेणाऱ्याने लिंबूसोडा मागवला तरी कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही. काहीच न घेता तीन तास जागा अडवली तर मात्र पाहतात.

गाडी चालवणार असाल तर एक घोटही नको. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून रक्तातल्या मद्याची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडच्या ८०पेक्षा बरीच कडक. ग्लासगो-एडिंबरा शेवटची रेल्वे साडेअकराच्या आसपास सुटते, म्हणजे दुसऱ्या शहरात मुक्काम ठेवला तर सेशनचा सर्वोत्तम तास हमखास हुकतो. ज्या शहरात ऐकायचं त्याच शहरात, शक्यतो पबपासून चालत जाण्याच्या अंतरावर खोली घ्यावी, मग ती थोडी महाग पडली तरी चालेल.