२०२४चे अल्बम: पहिल्या नंबरला दोनच गाणी, एकतीसवाले यादीबाहेर

२०२४मधल्या माझ्या आवडत्या दहा अल्बमची क्रमवारी कशी लावली ते आधीच सांगते, म्हणजे नंतर भांडायला सोपं जाईल. बोरिवलीहून चर्चगेट फास्ट धरली की पाऊण तास ते पन्नास मिनिटं हातात येतात, लेडीज डब्यात बसायला मिळो न मिळो कान तर मोकळे असतात, आणि चांगला अल्बमही बहुतेक वेळा तेवढाच असतो. हा अगदी योगायोग नाहीये. जुन्या एलपी तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटंच नीट मावायची, दोन बाजू मिळून चाळीस-पंचेचाळीस, आणि गाणारे-ऐकणारे सगळे त्याच मापावर वाढले. मग सीडी आली, चौऱ्याहत्तर मिनिटं झाली, आणि आता स्ट्रीमिंगमधे तर कुंपणच उरलं नाही. तर माझी कसोटी एवढीच, की चर्चगेट यायच्या आत अल्बम संपला का आणि संध्याकाळी परतताना तोच परत लावावासा वाटला का. बाकी मेटल असो, पॉप असो, जॅझ असो, रॅप असो, सगळ्यांना एकच तराजू.

आणि २०२४मधे मोठमोठ्या लोकांनीच या कसोटीची वाट लावली. टेलर स्विफ्टचा 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' १९ एप्रिलला आला, आपल्याकडे शुक्रवारी सकाळी साडेनऊला, सोळा गाणी, ठीक आहे, लोक ऑफिसला पोचून ती ऐकतायत तोवर साडेअकराला अजून पंधरा गाणी, एकूण ३१, दोन तासांच्या वर! पंगतीत पोट भरल्यावर आग्रहाने वाढलेल्या जिलबीसारखं झालं ते, जिलबी चांगली असेलही पण आता नको ना. हे असं का करतात त्याचं कारण सरळ धंद्याचं आहे. त्या वर्षी अमेरिकेत बिलबोर्ड या गाण्यांचे चार्ट काढणाऱ्या मासिकाच्या हिशोबाने अल्बममधली गाणी पैसे भरणाऱ्यांनी १,२५० वेळा किंवा जाहिरातवाल्या फुकट अकाउंटवरून ३,७५० वेळा ऐकली की एक अल्बम खपला असं धरायचे. मग दहा गाण्यांच्या अल्बमपेक्षा एकतीस गाण्यांचा अल्बम एकदा पूर्ण वाजला तरी तिप्पट आकडा पडणार, कोण सोडेल. पहिल्याच आठवड्यात तिचे तिथे २६ लाखांवर अल्बम मोजले गेले. धंदा म्हणून सलाम, पण माझ्या दहात नाही.

बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' पण दहाच्या बाहेर ठेवताना मात्र जिवावर आलं. २७ ट्रॅक, ७८ मिनिटं, मधे मधे नुसत्या बोलण्याचे तुकडे, पण त्यातला मुद्दा मोठा आहे, कंट्री म्युझिक ही फक्त गोऱ्यांची जहागीर नाही हे ती गाऊन सांगते, आणि लिंडा मार्टेलसारख्या सत्तरच्या दशकात बाजूला सारल्या गेलेल्या काळ्या कंट्री गायिकेला सन्मानाने माइकसमोर आणते. पुढे २०२५च्या ग्रॅमीत अल्बम ऑफ द इयर पण मिळालं. त्यातली निम्मी गाणी काढून दिली असती ना, तर पहिल्या पाचात होता.

आता पहिला नंबर. ब्लड इन्कँटेशन, अमेरिकेतल्या डेन्व्हरचा डेथ मेटल बँड, अल्बमचं नाव 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर', ४ ऑक्टोबरला आला. गाणी किती? दोन. 'द स्टारगेट' आणि 'द मेसेज', प्रत्येक साधारण वीस ते तेवीस मिनिटांचं, प्रत्येकाचे तीन भाग, भागांना हे लोक टॅब्लेट म्हणतात, म्हणजे औषधाची गोळी नाही, कोरीव शिळा. थेट जुन्या एलपीसारखं, एका बाजूला एक. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत रेकॉर्ड केलाय, जिथे डेव्हिड बोवीने 'हीरोज' केला होता, आणि ते कानाला कळतं. सुरुवातीला तुडव तुडव तुडवतात, गळा फाडून ओरडतात, आणि मग एका क्षणी दार उघडल्यासारखं सगळं थांबतं आणि सिंथेसायझर तरंगायला लागतो. 'द स्टारगेट'च्या दुसऱ्या टॅब्लेटमधे टँजरीन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा थॉर्स्टन क्वेश्निंग पाहुणा आलाय. मला हे आवडतं की हा बँड 'बघा आम्ही दोन प्रकार मिसळले' असा आव आणत नाही, पिंक फ्लॉइडसारखा संथ भाग आणि बेदम मार, दोन्ही एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी असू शकतं एवढंच गृहीत धरतो. मेटल अजिबात न ऐकणाऱ्या माझ्या ऑफिसातल्या ताईंना मी मुद्दाम 'द मेसेज'चा मधला भाग ऐकवला, त्यांना तो खूप आवडला, मग पुढचा भाग सुरू झाला आणि त्यांनी इअरफोन काढून माझ्या हातात ठेवला, एक शब्द बोलल्या नाहीत.

ओपेथ या स्वीडिश मेटल बँडचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' पण त्याच वर्षीचा, त्यांचा गायक मिकाएल ओकरफेल्ट २००८नंतर पहिल्यांदा अल्बमवर परत मेटलवाल्यांसारखा गुरगुरला, जेथ्रो टल या जुन्या रॉक बँडचा इयन अँडरसन त्यात बासरी वाजवतो आणि निवेदनही करतो. मेटलवाल्या मित्रांच्या याद्यांत हा वर होता. माझ्यात नाही, त्यातली मृत्युपत्राची गोष्ट समजून घेता घेता संगीत निसटतं माझ्याकडून.

दुसरा नंबर आरूज आफताब, 'नाइट रेन', म्हणजे रात्रीचं राज्य, पाऊस नव्हे. पाकिस्तानी गायिका, राहते न्यूयॉर्कला, गाते मुख्यतः उर्दूत. जॅझवाले तिला जॅझ म्हणतात, ग्रॅमीवाले कधी ग्लोबल म्हणतात कधी अल्टरनेटिव्ह जॅझ म्हणतात, आपण किशोरीताई आणि बेगम अख्तर घरात ऐकत मोठे झालो असू तर आपल्याला असलं काही लेबल लावायची गरजच पडत नाही. ती घाई करत नाही ना, तेच. एक ओळ घेते आणि सोडून देते, हार्प वाजत राहते, बास वाजत राहतो, आणि आपण वाट बघत राहतो. 'ना गुल'चे शब्द माह लका बाई चंदा यांचे आहेत, हैदराबादच्या तवायफ आणि शायरा, ज्यांचा आख्खा उर्दू दीवान, म्हणजे गझलांचा संग्रह, छापला गेला अशा पहिल्या बायकांपैकी एक, त्या गेल्या १८२४ साली. म्हणजे बरोब्बर दोनशे वर्षांनी त्यांचे शब्द ब्रुकलिनमधून माझ्या कानात, आणि मी दादरला गर्दीत चेपून उभी. 'रात की रानी'मधे तिने आवाजावर ऑटोट्यून लावलाय, त्यावर आमच्या शास्त्रीयवाल्या ग्रुपमधे बोंबाबोंब झाली. मला तो मस्त वाटतो, सूर सुधारायला लावलेला नाहीचे तो, रंग म्हणून लावलाय.

तिसऱ्या नंबरला माझाच नियम मी मोडतेय आणि त्याची लाज वगैरे काही नाही. सिंडी ली, 'डायमंड ज्युबिली', ३२ गाणी, दोन तास. कॅनडाचा पॅट्रिक फ्लेगल हा कलाकार बायकी वेश, विग घालून या नावाने गातो. अल्बम आला तेव्हा स्पॉटिफायवर नव्हताच, यूट्यूबवर दोन तासांचा एकच सलग व्हिडिओ आणि नव्वदच्या दशकातल्यासारखी दिसणारी एक ओबडधोबड वेबसाइट, तिथून फाइल उतरवायची, जमेल तर तीस कॅनेडियन डॉलर द्यायचे. इथे लांबीमागे आकड्यांचा हिशोब नव्हता कारण मोजणारा मीटरच नव्हता, म्हणून मला ती लांबी टोचली नाही. साठच्या दशकातले गर्ल ग्रुप कुठल्यातरी लांबच्या रेडिओ स्टेशनवरून खरखरत येतायत असा आवाज. हा मी ट्रेनमधे नाही ऐकला, रविवारी दुपारी पंखा फुल करून ऐकला.

चौथा द क्युअर, 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'. सोळा वर्षांनी अल्बम! आठ गाणी. पहिल्याच गाण्यात त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ तोंड उघडेपर्यंत तीन मिनिटं जातात, शेवटच्यात तर सहा, आणि आजकाल गाण्याला पहिल्या तीस सेकंदात गळाला मासा लावावा लागतो कारण स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजल्यावरच ते मोजलं जातं, त्या जमान्यात पासष्टीचा माणूस आरामात तीन मिनिटं थांबतो, वा. एक गाणं त्याच्या गेलेल्या मोठ्या भावावर आहे, ते सार्वजनिक ठिकाणी ऐकू नका. इंग्लंडमधे १९९२नंतर पहिल्यांदा त्यांचा अल्बम एक नंबरला गेला.

पाचवा 'ब्रॅट', चार्ली एक्ससीएक्स. तो पोपटी चौकोन आणि धुरकट अक्षरं तुम्ही पाहिलीच असतील, मुंबईतल्या निम्म्या कॅफेंनी त्याची नक्कल करून मेनू छापले. सगळीकडे त्याचा एवढा गाजावाजा झाला की आत काय आहे ते लोक विसरले. आत जळफळाट आहे, असुरक्षितता आहे, मूल हवं की नको याचा गोंधळ आहे, आणि सोफी या गेलेल्या मैत्रिणीसाठी एक गाणं आहे, सगळं नाचायच्या ठेक्यावर. ४१ मिनिटं. सहावा केंड्रिक लमार, 'जीएनएक्स', २२ नोव्हेंबरला कुणाला काही न सांगता टाकला, बारा गाणी, ४४ मिनिटं, वर्षभर गाजलेलं स्वतःचं 'नॉट लाइक अस' त्यात घातलंच नाही, एवढा माज पाहिजे. सुरुवात डेरा बरेरा या मारियाची (मेक्सिकन लोकसंगीत) गायिकेच्या आवाजाने होते आणि मग लॉस एंजेलिसची गल्ली. भाषेतली निम्मी गंमत माझ्या डोक्यावरून जाते, तरी बीट ऐकून मान हलते.

पुढचे भराभर. सातवा नायजरचा म्दू मोक्तार, 'फ्युनरल फॉर जस्टिस', तुआरेग लोकांच्या तमाशेक भाषेत फ्रान्सला जाम झापलंय, गिटार अशी की अंधेरी ते बांद्रा कधी गेलं कळत नाही. लहानपणी या माणसाने सायकलच्या केबल लावून गिटार बनवली होती. आठवा दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या बँडचा 'बेटा', ट्रंपेट आणि गायक सूर्यकांत साहनीचा तो आळसावलेला आवाज, भारतातून आलेला माझा एकमेव नंबर. मधली दोन-तीन गाणी सैल आहेत पण बाकीची इतकी मऊ की माफ. नववा बेथ गिबन्स, 'लाइव्ह्ज आउटग्रोन', पोर्टिसहेड बँडची गायिका, आता स्वतःचं म्हातारपण, मैत्रिणी-नातेवाईक जाणं यावर गाते, ड्रमच्या जागी टपरवेअरचे डबे वाजवलेत त्यात, खरंच. दहावी बिली आयलिश, 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट', दहा गाणी, ४३ मिनिटं, अल्बमआधी एकही सिंगल सोडलं नाही कारण आख्खं एकदम ऐका असं तिचं म्हणणं. ऐकलं. उत्तरार्ध जास्त चांगला आहे.

आता कोणी म्हणेल की कोल्डप्लेचा 'मून म्युझिक' पण दहा गाण्यांचा, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा, मग तो कुठे? तो वेळेत संपतो हे खरं, पण परत लावावासा वाटला नाही. जानेवारी २०२५मधे नेरूळच्या डी वाय पाटील स्टेडियमला ते आले तेव्हा तिकिटांसाठी आख्ख्या मुंबईने काय जीव टाकला होता, आणि मला वाटतं त्यातल्या फार थोड्यांनी हा नवा अल्बम शेवटपर्यंत ऐकला असेल, सगळ्यांना 'यलो' आणि 'फिक्स यू' हवं होतं. त्याची एलपी रिसायकल केलेल्या प्लास्टिक बाटल्यांपासून बनवलीये, ती कल्पना मात्र आवडली. दुआ लिपाचं पण तेच, मेमधे 'रॅडिकल ऑप्टिमिझम' आला, ३० नोव्हेंबरला बीकेसीत शो झाला, आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं तर तिने 'लेव्हिटेटिंग'वर 'वो लडकी जो' लावलं ते! १९९९च्या 'बादशाह'मधलं गाणं नव्या अल्बमला खाऊन गेलं.

मराठीचं काय, हे विचारणार ना? सिंगल. सगळं सिंगल. क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' वर्षभर गाजलं, परदेशातल्या क्लबात वाजलं, माझ्या भाचीच्या शाळेच्या गॅदरिंगला वाजलं, सिंगल्सची यादी केली असती तर पहिल्या तीनात घातलं असतं. पण अल्बम? सिनेमाचे आहेत, 'फुलवंती'ला अविनाश-विश्वजीतने मेहनत घेतलीये, पण सिनेमाची गाणी पटकथेच्या तालावर चालतात, त्यांना सलग ऐकायचं असं काही नसतं. नव्वदच्या दशकात मिलिंद इंगळे आणि सौमित्रने 'गारवा' काढला, गाणी, मधे कविता, परत गाणी, कॅसेट पलटायची आणि पाऊस चालूच, तसं काही २०२४मधे माझ्या कानावर आलं नाही. ऐकणारे आहेत हो, लोकल भरून आहेत.

ऐकणार असाल तर दोन गोष्टी करा. अ‍ॅपच्या सेटिंगमधला क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं सुरू करणारी सोय) बंद करा, नाहीतर ब्लड इन्कँटेशनच्या टॅब्लेटचे सांधे एकमेकांवर चढतात आणि मग मला शिव्या घालाल. आणि क्युअरचा आवाज पहिल्या तीन मिनिटांत वाढवू नका, गाणं पुढे आपणहून वाढतं.