सणाचं चित्रपुस्तक घेताय? मोठं चित्र की छोटी छोटी चित्रं?

मुलांसाठी सणाचं पुस्तक बघायला गेलं की साधारण दोन तऱ्हा दिसतात. एकात समोरासमोरची दोन्ही पानं मिळून एकच चित्र, अगदी कडेपर्यंत रंग. दुसऱ्यात पांढऱ्या पानावर छोटी छोटी चित्रं आणि शेजारी मजकूर. गोष्ट दोन्हीत तीच असेल, घरातली तयारी, पाहुणे, रात्रीची रोषणाई, पण पोरांना ती वेगळीच वाटते.

मोठ्या चित्रात माहोल जबरदस्त उभा राहतो. गर्दीचा सीन असेल तर तुमच्या दोन ओळी वाचून होतात तरी मूल पान उलटू देत नाही, मांजर कुठे लपलंय ते बोटाने शोधत बसतं. पण घेताना पुस्तक पूर्ण उघडून बघाच, कारण बाइंडिंग घट्ट असेल तर मधोमध काढलेला चेहरा शिवणीत जातो आणि अर्धं नाक गायब! आणि अक्षरं. चमचमत्या दिव्यांवरच पांढरी अक्षरं छापली असतील तर झोपताना मंद लाइटमध्ये ती वाचताच येत नाहीत. चांगला चित्रकार आधीच आकाश नाहीतर भिंत मोकळी ठेवतो.

छोट्या चित्रांत क्रम छान कळतो. भेटीची दोरी सुटली, कागद फाटला, झाकण उघडलं, हे चार चित्रांत बघून न वाचता येणारं मूलसुद्धा गोष्ट सांगतं. सण मात्र तेवढा भव्य वाटत नाही.

मला स्वतःला दोन्हीचं मिश्रण आवडतं. ही पुस्तकं बहुतेक 32 पानांची असतात, कारण मोठा कागद छापून घड्या घातल्या की पानं 16 च्या पटीत पडतात, त्यात नावाबिवाची पानं सोडली तर जागा मोजकीच उरते. सगळीच पानं भरगच्च असली तर सणाची रात्र वेगळी वाटणार कशी? तयारी छोट्या चित्रांत, मग चित्रं वाढत जातात, "दार उघडलं आणि..." इथे उजवं पान संपतं, उलटलं की दोन्ही पानांवर नुसता उजेड, एक शब्द नाही. तेच दार आणि तोच उजेड समोरासमोर छापले तर मूल आधी चित्रच बघणार, मजा गेली.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला जाड पानांचं, मोठ्या पण कमी गर्दीच्या चित्रांचं घ्या. नुकतं वाचायला लागलेल्याला छोट्या चित्रांचं सोपं जातं, अक्षरं मोकळ्या जागेत असतात ना.