अजिंठा चौफुली, जळगाव: जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांचं गॅरेज

गिअरबॉक्सच्या कामाला गाडी इथे बिनधास्त सोडावी. नुसतं तेल काढून मोकळे होत नाहीत. पॅन (गिअरबॉक्सखालचं तेलाचं भांडं) उतरवतात आणि आतलं, धातूचे कण धरून ठेवणारं चुंबक पुसण्याआधी ग्राहकाला दाखवतात. त्यावर राखाडी, मऊ लगदा असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारा कीस निघाला, तर तेलबदलाने भागणार नाही, हे स्पष्ट सांगतात.

एका वेळी साधारण निम्म्याहून कमी तेल निघतं, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) राहतं. म्हणून तेल काळपट असेल तर मध्ये गाडी चालवून पुन्हा बदलतात. सीव्हीटीत (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं तेल, कधीच घालत नाहीत, हे फार मोलाचं. खानदेशातला मे महिना आणि कन्नडचा घाट पाहता 40,000 किमीला तेल बदलायचा त्यांचा सल्ला अगदी योग्य.

आवाज ओळखण्यात तर हातखंडा. पूर्ण वळणावर कटकट आली की बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा चाकाकडचा सांधा. वेगाबरोबर घूं-घूं वाढली की चाक जॅकवर उचलून एका हाताने फिरवतात, दुसरा हात स्प्रिंगवर. चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर खरखर लगेच जाणवते. उगाच गिअरबॉक्स उघडत नाहीत.

फिल्टर-गास्केट मागवावं लागतं, तेव्हा आधी फोन करून जा.