ईम्स खुर्चीची तडकलेली पाठ

हर्मन मिलर या फर्निचर कंपनीची जुनी ईम्स लाउंज चेअर (हे मॉडेल १९५६चं) मी इथे मिशिगनमध्ये एका घरगुती सेलमधून उचलली. लाकूड झकास, चामडं मऊ. पण पाठीच्या गादीमागचा कडक प्लास्टिकचा पत्रा चापाजवळ तडकलेला. टेकलं की 'कट्ट'. नवरा म्हणाला, "फेविक्विक लाव!" लावलं. आठवडाभरात पुन्हा कट्ट, वर पांढरा डाग.

मग गावातल्या एका म्हाताऱ्या गादीवाल्याकडे नेली. त्याने कडेची चेन उघडून चामडं अलगद सोडवलं, माझा गोंद खरवडताना माझ्याकडे एकदा नुसतं बघितलं. तड पुढे पळू नये म्हणून टोकाला बारीक भोक पाडलं, आतून पॉलिश पेपर मारला आणि फायबरग्लासच्या कापडाचे दोन थर इपॉक्सी गोंदात भिजवून बसवले. दोन दिवस वाळवलं.

१८० डॉलर घेतले. महागच. शिवाय दिलेल्या तारखेनंतर नऊ दिवसांनी मिळाली, फोन केला तर उचलायचा नाही. पण चार महिने झाले, आमचे धिप्पाड सासरे रोज दुपारी त्यातच घोरतात आणि आवाज फक्त त्यांचाच येतो. गादीवाल्याला चारपैकी तीन तारे; एक उशिरासाठी कापला.