मोठ्या लोकांच्या लहानपणावरची ऑडिओ सिरीज: भावंडांसाठी तरी ऐकाच

सिरीज घेतली मुलीसाठी, पण तिच्यापेक्षा मीच जास्त ऐकली. आधी वाटलं होतं तेच ते असणार, गरिबी होती, आईने कष्ट केले, मुलगा मोठा झाला. तसं नाहीये हे.

मेरी क्युरीचा एपिसोड सगळ्यात भारी. वडील गणित आणि फिजिक्स शिकवायचे, पोलंडमध्ये तेव्हा रशियाचं राज्य आणि शाळेतले प्रयोग बंद केलेले, म्हणून ती उपकरणं घरी आणून ठेवलेली. आईला टीबी, त्यामुळे ती मुलांची पापीसुद्धा घ्यायची नाही. मोठी बहीण टायफसने गेली, १८७८ ला आई गेली, मेरी फक्त १० वर्षांची. आणि मग ब्रोन्या येते. दोघी बहिणींना शिकायचंय, वॉर्साच्या युनिव्हर्सिटीत मुलींना प्रवेशच नाही, तर ठरलं असं की ब्रोन्याने आधी पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं, मेरीने लोकांच्या घरी राहून मुलांना शिकवायचं आणि तिला पैसे पाठवायचे, मग ब्रोन्याने हिला बोलवून घ्यायचं. मेरी पॅरिसला पोचली तेव्हा १८९१ साल उजाडलेलं! मी भांडी पुसत ऐकत होते, हातातला कप हातातच राहिला. मुलगी म्हणाली, "आई, मग ब्रोन्याचं नाव कुणालाच का माहीत नाही?"

फॅरेडेचाही छान झालाय. लोहाराचा मुलगा, १४ व्या वर्षी बुकबाइंडरकडे कामाला, बांधणीला आलेली पुस्तकं वाचून काढायचा, आणि विज्ञानाच्या लेक्चरची एकेक शिलिंग फी भरायचा कोण तर थोरला भाऊ, तोही लोहारच.

मोझार्टच्या एपिसोडला मात्र माझा राग आहे. त्याची बहीण नानर्ल त्याच्यापेक्षा साडेचार वर्षांनी मोठी, वडिलांनी तिच्यासाठी केलेल्या वहीतूनच धाकटा वाजवायला शिकला, युरोपभर दोघांनी एकत्र कार्यक्रम केले, आणि ती लग्नाच्या वयाची झाली तसं तिचं दौऱ्यावर जाणं बंद. वडील तेच, शिकवणी तीच. एवढी मोठी गोष्ट आणि ती दोन मिनिटांत गुंडाळलीये, का बरं?

बुद्धिबळ खेळणाऱ्या पोल्गार बहिणींचाही असाच, सगळं क्रेडिट वडिलांना. मान्य आहे, लास्लोने ठरवून तिघींना घरीच शिकवलं, युडिट १९९१ मध्ये १५ व्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. पण आई क्लारासुद्धा शिक्षिका होती, घर, अभ्यास, स्पर्धांचे प्रवास तिनेही ओढले, तिचा उल्लेख येऊन जातो फक्त. आणि एकाच घरात वाढून तिघी सारख्या निघाल्या नाहीत, सोफियाने १९८९ ला रोममध्ये ९ पैकी साडेआठ पॉइंट काढले तरी ती पुढे युडिटसारखी बुद्धिबळातच राहिली नाही, ह्यावर बोलायला हवं होतं ना? घरचं वळण एकच असलं तरी पोर आपापल्या स्वभावाचं असतं, दोन मुलं वाढवलेल्या कुणालाही विचारा.

आवाज स्पष्ट आहे, वाचणारी बाई घाई करत नाही, उगाच रडका सूर लावत नाही. मधेच थांबवलं तर पुढच्या वेळी एपिसोड पहिल्यापासून सुरू होतो, हे मात्र फार वैताग आणतं, तक्रार केलीये, अजून उत्तर नाही.

पाचपैकी चार स्टार. मुलांना लावून देणार असाल तर क्युरीपासून सुरू करा, पण आईच्या आजारपणाचा भाग लहान मुलांना एकटं ऐकू देऊ नका, जवळ बसा.